वाघाशेजारची कोथिंबीर

मी कोरलेला पयला मोर बगून गिऱ्हाइकानं इचारलं व्हतं, "मिस्त्री, पलंगावर कोंबड्या कशाला काढल्या?"

"मोर हायत की मालक."

"मग पिसारा कुटंय?"

पिसारा व्हता. पन तो मी फळीच्या मागल्या अंगाला कोरला व्हता, आन् ते अंग भिंतीला लागनार व्हतं. म्हंजे मोराचा सगळा तोरा भिंतीकडं, आन् झोपनाऱ्याच्या उशाला नुस्त्या दोन कोंबड्या. असला मी कारागीर. शाळेत मला जमलं न्हाय. मास्तरच म्हनले, तू घरी बस, दोगांनाबी बरं पडंल. मग चिंचोळी एमआयडीसीत मशिनी पाठवायची खोकी ठोकत बसलो. खोकं पोचलं की लोक फोडूनच टाकतेत, त्यामुळं तितं माझ्या कामाची कुनी तक्रार केली न्हाय. पुढं घराला लागून पत्र्याचं शेड मारलं, पलंग, चौरंग, देव्हारे करायला लागलो, आन् तक्रारी सुरू झाल्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाला चाचांचं दुकान हाय. बंदुका दुरुस्तीचं, लायसनवालं. चाचा लोखंडाचा मानूस. लाकडाचं काय मोडलं की मला हाक मारतेत. यायच्या त्या सगळ्या शेतकऱ्यांच्या बंदुका, रानडुकरं हुसकायच्या. त्येंचा दस्ता, म्हंजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, मी करून द्यायचो. माझा दस्ता म्हंजे कुऱ्हाडीच्या दांड्याचा थोरला भाऊ. पन डुकराला कुटं नक्षी बगायची असती?

दसरा झाल्यावर एक दिवस चाचांचा निरोप आला, ये, पन हात धुऊन ये.

गेलो. चाचांनी दारातच थांबवलं. "हात धोके आया क्या?"

"हौ चाचा."

हात बगितले. "फिर से धो."

मी परत धुतले. लगीन लागताना बी मी येवडे हात धुतले नव्हते. मग चाचांनी टेबलावरचं मऊ फडकं बाजूला केलं.

दुनळी रायफल व्हती. दोन नळ्या शेजारी शेजारी, काळ्याशार, पन काळ्यातबी निळी झाक. विलायतेत झालेली, लई जुनी. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजीत कायतरी लिवलेलं. मी चाचांना इचारलं काय लिवलंय, तर म्हनले, "बनानेवाले का नाम." मी मनात म्हनलो, बरं झालं माझ्या पलंगावर माझं नाव न्हाय.

आजवर माझ्या लेखी लोखंड म्हंजे खिळा, बिजागरी आन् विळा. हितं त्याच लोखंडावर वाघ व्हता. दोनी घोड्यांच्या, म्हंजे बोटानं वडायच्या चापांच्या, वर जो चपटा भाग असतो, त्याच्या एका अंगाला गवतातनं वाघ निघालेला, दुसऱ्या अंगाला पान्यावर वाकलेलं हरीन. भवताली वेली. वेल एका जागी सुरू हुती, वळती, गोल फिरून आपल्याच पोटात शिरती आन् भायेर येऊन दुसरीकडं निघून जाती. मी बोटानं तिच्या मागं मागं गेलो आन् हरवलो. चाचांनी भिंग दिलं. भिंगातनं वाघाची मिशी बगितली तर एकेक केस न्यारा, मुळाला जाड, टोकाला निमुळता. बारक्या छिन्नीवर हातोडीच्या टिचक्या मारत मारत कुना मानसानं हे लोखंडात काढलं व्हतं. टिचकी जरा जोरात बसली असती तर वाघाचा डोळा फुटला असता. त्यानं कदी वाघ बगितला असंल का, देव जाने. मी मोर रोज बगत व्हतो, तरी कोंबड्या काढल्या.

आन् स्क्रू! स्क्रूच्या डोक्यावर फुलं व्हती. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच एकाच दिशेला, नळीच्या रांगंत. माझ्या पलंगाचे स्क्रू बगा, बाजारातल्या म्हशींच्या शिंगांसारके, ज्याचं त्याचं तोंड तिसरीकडंच.

चाचा म्हनले, "लकडी देख, लकडी. तेरा काम उदर हाय."

लाकूड अक्रोडाचं. तव्यावर काकवी वतून काडीनं ओढावी तशा त्यात काळ्या तांबड्या रेघा. लाकूड कुटं संपलं आन् लोखंड कुटं सुरू झालं, हे नखाला बी कळत नव्हतं. आन् त्या जोडाच्या भवती पानांची दाट नक्षी कोरलेली, एकाखाली एक दडलेली पानं. माझ्या बायकूला सांगितलं तर तिला खरं वाटत न्हाय, पन मी आपनहून जाऊन तिसऱ्यांदा हात धुतले.

त्या पानांच्या मदी एक भोक व्हतं. सुपारीयेवडा टवका उडालेला, आतलं कोरं लाकूड उगडं पडलेलं.

तेवड्यात दारात रिक्षा थांबली आन् रिक्षावाल्याचा हात धरून एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. त्येंचीच रायफल. जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटवर राहतेत, आदी अक्कलकोटकडं धान्याचा यापार व्हता. सगळे त्यास्नी अप्पा म्हनतेत.

आता मला ऱ्हावंना. "अप्पा, तुमच्या घरात अंडं बी येत नसंल. मग ही शिकारीची बंदूक कशी?"

अप्पा हसले. "आमच्या आज्याला कुना सरदारानं खुश हून दिली. आज्यानं एकदाच उडवली. तो मागं पडला आन् फुडं चिंचेची फांदी पडली. तवापासनं आमच्या घरात हिनं कुनाला मारलं न्हाय. यंदा मातर हिलाच मार बसला."

"कुनी मारलं?"

"नारळानं."

झालं व्हतं असं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असती. आमी करवत, रंधा मांडतो, अप्पांच्या घरी ही रायफल मांडतेत. हळद, कुंकू, फुलं, आन् शेवटाला म्होरं नारळ फोडायचा. अप्पास्नी डोळ्यानं नीट दिसत न्हाय. मधलं सगळं पुसलं गेलंय, कडंकडंनं तेवडं दिसतं. मुलगा म्हनला, नारळ मी फोडतो. अप्पा म्हनले, जन्मभर मीच फोडलाय. आन् हानला. दगडाच्या जागी दस्ता व्हता.

"नारळ फुटला न्हाय," अप्पा म्हनले, "पान फुटलं. टवका शोदला तर सून म्हनली, केरात गेला असंल."

चाचा वैतागून म्हनले, "और वाघ की मूँछ में कुंकू! तेल लगाके, काडी से एकेक बाल साफ किया मैं."

अप्पा खुर्चीत बसले, रायफल मांडीवर घेतली आन् मान कोंबड्यावानी तिरकी केली. तसं केलं की त्यास्नी डोळ्याच्या कडंनं जरा दिसतं, तेबी भर दुपारच्या उजेडात. मग म्हनले, "डॉक्टर म्हनतो, हे कडंचंबी जानार. जायच्या आदी हिला एकदा सबंद बगायची हाय. सा वर्षांचा असल्यापासनं बगतोय. फुटकी बगून डोळे मिटायला नको वाटतंय."

मी म्हनलो, "करतो की अप्पा, लई सोपं हाय."

असं मी नेमी म्हनतो. कोंबड्यांच्या आदीबी म्हनलो व्हतो.

चाचांनी एका मोडक्या जुन्या दस्त्यातला अक्रोडाचा तुकडा काडून दिला. रायफल मी दुकानाच्या भायेर न्यायची न्हाय, लायसन अप्पांच्या नावावर. पान घरी कोरायचं आन् हितं येऊन बसवायचं. आदी मी फुटकी जागा छिन्नीनं सरळ करून घेतली. मग चाचांनी तुकडा बसवायची रीत दाखवली. दिव्याची काजळी धरायची, ती खाचंत लावायची, तुकडा दाबायचा, काडायचा. जितं काळं लागलं तितं लाकूड जास्त हाय, तेवडंच खरवडायचं. परत काजळी, परत दाबायचा. सगळीकडं सारकं काळं लागंपत्तुर करायचं. मी घरी गेलो तर बायकू म्हनली, "बंदूक उडाली काय तोंडावर?"

तुकडा बसला. पन वर पान कुटलं कोरायचं? जे पान उडालं तेच सगळ्यांच्या वरचं, सबंद दिसनारं व्हतं. बाकीची एकमेकांच्या खाली लपलेली, कुनाचं टोक दिसतंय, कुनाची कड. कडा अशा गोल गोल, कातरलेल्या. मी घरी जाऊन बायकूला कागदावर काडून दाखवलं.

ती म्हनली, "कोथिंबीरच की ही."

मला बी पटलं. कोथिंबीरच दिसत व्हती. विलायतेत कोथिंबीर बंदुकीवर का काढतेत, असा इचार माझ्या डोक्यात आलाच न्हाय. वाघ हाय, हरीन हाय, मसाला असनारच.

मंग मी रोज सकाळी मंडईतनं ताजी जुडी आनायचो. त्यातलं चांगलं एक पान निवडायचं, फुडं ठिवायचं आन् त्याच्याकडं बगत कोरायचं. पान दुपारी सुकायचं, दुसऱ्या दिवशी नवी जुडी. उरलेल्या जुडीचं काय करनार? वड्या. रोज कोथिंबिरीच्या वड्या. पोरगी म्हनली, "आई, बाबा बंदूक दुरुस्त करतेत का हाटेल काडतेत?"

पन पान झ्याक झालं. खरं सांगतो, मी आयुष्यात येवडं झ्याक काय केलं नव्हतं. शिरा सुदीक उठल्या व्हत्या. चाचांनी भिंगातनं बगितलं आन् मान हलवली. "अच्छा हाय. पन कुछ तो अलग हाय."

"नवं हाय ना चाचा. जुनं झालं की मिसळंल."

पांढरा बाटलीतला गोंद लावायला गेलो तर चाचांनी हात धरला. "नक्को! सरस लगा. सरस गरम कपडे से निकलता. तेरा काम हाय, निकालना पडेंगा." केवडा इस्वास. मी सरस, म्हंजे जुना चामड्याचा डिंक, उकळला आन् पान बसवलं.

अप्पा दुपारी आले. रायफल मांडीवर घेतली, पन बगितली न्हाय. आदी उजवा अंगठा ठिवला. अंगठा एका पानावरनं दुसऱ्या पानावर निगाला, आपल्या घरातनं चालल्यावानी, कुटं न अडता. माझ्या पानावर आला आन् थांबला. परत मागं गेला, परत आला, परत थांबला.

"अय्य," अप्पा म्हनले. "ही तर कोत्तंबरी."

चाचा एकदम भिंग घेऊन वाकले. मग खो खो हसत सुटले. "कोथमीर! वाघ के बाजू में कोथमीर! सूप बनाता क्या रे हरन का?"

रिक्षावाला बी आत येऊन बगून गेला. मी म्हनलो, जमीन फाटली तर बरं, पन खाली तळघरात चाचांच्या काडतुसांचं कपाट व्हतं.

मला वाटलं अप्पा चिडतील. चिडले न्हायत, पन त्येंचा चेहरा उतरला. मान तिरकी करून बगत ऱ्हायले. "चांगलं कोरलंय," म्हनले. "पन हे आमचं पान न्हवं. ते कुटल्यातरी तिकडच्या झाडाचं हाय. त्याच्या पोटाला फुगा व्हता, आन् कडा खाली बुडलेल्या. तुझं पान चपटं हाय."

"तुमाला येवडं ध्यानात हाय?"

"डोळ्याला न्हाय रे. अंगठ्याला हाय."

म्हंजे ते उडालेलं पान आता जगात एकाच जागी शिल्लक व्हतं, अप्पांच्या अंगठ्यात. आन् डोळ्यातला उजेड तर रोज कमी व्हायला लागला व्हता. मी म्हनलो, "अप्पा, रायफल घेऊन जावा घरी, ही कोथिंबीर असू द्या तवर. मी नमुने करून आनतो. अंगठा लावून सांगा."

मग मी सावरीच्या मऊ लाकडाचे तुकडे कोरून खिशात घालायचो आन् जुळे सोलापूरला जायचो. अप्पा गॅलरीत उन्हात बसलेले, मांडीवर रायफल. मी तुकडा हातात द्यायचो.

"पोट कमी हाय."

दुसरा द्यायचो.

"आता गरवार झालं."

एकदा म्हनले, "ह्याची कड बरुबर, पन शीर मदी न्हवती, जरा डावीकडं कललेली व्हती." एकदा नुस्तं हुंगून परत दिलं. "वड्या खाऊन आलास काय?"

मला कळंना, मला डोळ्यानं बरुबर दिसतंय ते अंगठ्याला चूक का लागतंय. अप्पा म्हनले, "डोळं मीट की." मग मी घरी शेडमदी टॉवेल डोळ्याला बांदून बसलो. उजव्या अंगठ्याखाली अप्पांनी बरं म्हनलेला तुकडा, डाव्या अंगठ्याखाली माझा नवा. बायकू चहा घेऊन आली, मला तसं बगून कप खाली ठिवला आन् म्हनली, "आंदळी कोशिंबीर खेळायला दुसरं कुनी भेटलं न्हाय व्हय?" टॉवेल काडताना मी चहा लवंडला. पन त्या आंदारात मला पयल्यांदा कळलं की त्या विलायतेच्या मानसानं पान काढलं नव्हतं, पान ठिवलं व्हतं. वाऱ्यानं आता उचललं जाईल असं. माझं पान कागदावर चिकटवल्यावानी व्हतं. त्या मानसाला मी टॉवेलातनंच नमस्कार केला. भिंतीकडं तोंड करून केला हे मागनं कळलं.

शेवटी एक तुकडा अप्पांच्या अंगठ्याखाली गेला आन् अंगठा थांबला न्हाय. निघून गेला. परत आला, परत निघून गेला. मी तसाच पळत आलो आन् त्याच्यावरनं अक्रोडाचं पान कोरलं.

पान तयार झाल्यावर एक दिवस बाराच्या सुमाराला चाचांच्या दुकानात, दारातनं आत ऊन पडतं तितं, खुर्ची मांडली. आदल्या दिवशी रायफल दुकानात आनवून चाचांनी गरम फडक्यानं सरस मऊ करून कोथिंबीर काडली व्हती, मी नवं पान बसवलं व्हतं. अप्पांनी रायफल उन्हात धरली आन् मान तिरकी केली. जरा उजवीकडं, जरा डावीकडं. वाघाकडनं सुरवात केली. मग वेली. मग हरीन. मग पानं, एकेक. लई सावकाश. चाचांनी बी हातोडी खाली ठिवली.

"आली," अप्पा म्हनले. "सगळी आली. आज्याच्या मांडीवर व्हती तशी."

धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मला म्हनायचं व्हतं, अप्पा, मी म्हनलो नव्हतो का सोपं हाय. पन खिशात चुकलेल्या पानांचे तुकडे खुळखुळत व्हते.

मग त्यांनी डोळे मिटले आन् अंगठा फिरवायला लागले. फिरला, फिरला. आन् थांबला. कपाळाला आट्या पडल्या.

मी फुडं वाकलो. "चुकलं का?"

"न्हाय. चुकलं न्हाय. तुझं पान कुटलं ते बी कळंना." अंगठा परत मागं गेला. "पन मी कुटंय ते बी कळंना की रे."

"मतलब?" चाचांनी इचारलं.

"गेले कैक दिवस रायफल घरी व्हती," अप्पा म्हनले. "संध्याकाळनंतर मला आता काय दिसत न्हाय. तवा अंगठा फिरवत बसतो. पानं सगळी सारकीच, कुटं सुरू, कुटं शेवट. पन कोत्तंबरी आली की कळायचं, हां, आता फुडं वाघ. आता कोत्तंबरी न्हाय, तर मी रानात हुकल्यावानी झालंय." मग जरा लाजून म्हनले, "बगायचं ते बगून झालं. आता ते जुनं बसीव. तुझी कोत्तंबरी."

चांगलं काम काडून घ्या आन् चुकलेलं परत लावा म्हननारं गिऱ्हाईक मला जन्मात येकच भेटलं.

चाचा म्हनले, "किदर हाय वो?"

मी डोकं खाजवलं. कोथिंबीर मी वैतागून घरी नेली व्हती, आन् बायकूनं ती गॅसच्या टेबलाच्या हलत्या पायाखाली सारली व्हती. टेबल बी मीच केलेलं. मी धावत घरी गेलो. बायकू पोळ्या लाटत व्हती. मी वाकून पायाखालनं पान वडलं, टेबल कललं, परातीतलं पीठ तिच्या पायावर.

"आता काय टेबलाची शिकार करताय?"

"पान पायजे, अप्पास्नी!"

"ते चुकलं व्हतं ना?"

"चुकलंय म्हनूनच पायजे!"

तिनं लाटनं कमरंवर ठिवून माझ्याकडं बगितलं. हिकडं कुनी शानं शिल्लक हाय का, असं.

पानाचा एक कोपरा चेपला व्हता. मी म्हनलो, नीट करतो. अप्पांनी अंगठा लावून बगितलं. "ऱ्हाऊ दे. अजूनच सापडतं." परत सरस, परत गरम फडकं. चाचा काम करता करता पुटपुटत व्हते, विलायती बंदूक, सोलापुरी कोथमीर, या अल्ला. पन बसवलं त्यांनीच, माज्याकडं दिलं न्हाय. चांगलं पान त्यांनी काडतुसाच्या रिकाम्या डब्यात कापसात घालून ठिवलंय.

यंदाच्या खंडेनवमीला अप्पांनी मला घरी बोलावलं. अप्पांच्या डोळ्यातलं कडंचं बी आता गेलंय. पाटावर रायफल, झेंडूची फुलं. सुनेनं कुंकू वाघाला न लावता पाटाला लावलं, तसा चाचांचा हुकूम हाय. नारळ फोडायची येळ आली तसं अप्पा म्हनले, "मिस्त्रीला द्या. आन् त्याला लांब उभा करा."

मी गॅलरीत जाऊन फोडला. निम्मं पानी माज्या शर्टावर.

आत आलो तर अप्पा पावन्यास्नी रायफल दाखवत व्हते. पावने डोळसच व्हते, पन अप्पा त्येंचा हात धरून दाखवत व्हते. पावन्याचा अंगठा माझ्या चेपक्या कोथिंबिरीवर ठिवला.

"सापडली? आता हितनं चार बोटं फुडं. गवत लागतंय का? सावकाश. हां, हे शेपूट. आता पाठीवरनं फुडं ये. मिशीला हात लावू नको, चाचा वरडतो."

पावना म्हनला, "व्हय की हो! आन् हे मदी काय हाय, कोथिंबीर?"

"व्हय," अप्पा म्हनले. "ती आमच्या मिस्त्रीची."

मी भिजका शर्ट झटकत उभा व्हतो. पलंगावर माझं नाव नसल्याचं बरं वाटलं व्हतं. हितं मला मागं सरता आलं न्हाय. मागं भिंत व्हती.

घरचं टेबल तवापासनं हलतंय. बायकू रोज म्हनती, दुसरं पान कोरा की. मी म्हनतो, चांगलं येतंय आता माझं. टेबलाखाली घालवत न्हाय.